मुका एस

न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला, एकाच खोलीत
तिसरी, चौथी आणि पाचवी. मुलं अकरा.
शेगडीच्या कठड्यावर वाळत घातलेले हातमोजे.
टिझर्डबाई फळ्यावर लिहितात : आयलंड.
"ह्यातला एस म्हणायचा नाही,
पण गाळायचाही नाही."
"मग तो बसलाय कशाला?" लिअँडर विचारतो.
वीस वर्षांत कोणी ना कोणी विचारतंच.
"बसू दे," बाई म्हणतात. "पाठ करा."

मग उतारा. दूरच्या शहरात छापलेला, सात ओळींचा.
वडील होडी घेऊन गेले. धुकं उतरलं.
आईनं खिडकीत दिवा ठेवला.
प्रश्न पहिला : आईनं दिवा का ठेवला?
उत्तर मागच्या पानावर, बारीक, उलटं :
वडिलांना वाट दिसावी म्हणून.

दहा वह्यांत हेच,
एकीत तर पान क्रमांकासकट.

डॉर्कसनं लिहिलंय :
धुक्यात दिवा दिसत नसतो.
धुक्यात भोंगा वाजवतात.
दिवा आईनं स्वतःसाठी लावला,
हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

लाल पेन कागदावर टेकलेलं राहतं,
ठिपका पसरत जातो.
डॉर्कसच्या घराची खिडकी धक्क्यावर उघडते.
गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बाई पुस्तक उलटं धरतात,
छापील उत्तराच्या पुढे
पेन्सिलनं लिहितात : किंवा.

मग पुन्हा वही.
धुक्याच्या स्पेलिंगात एक जी जादा पडलाय,
तो तेवढा खोडतात.