खारं पीठ

मुस्तनसिरभाई आधी गळ दाखवत नाहीत,
आधी विचारतात, कोणता मासा?
काउंटरवर रंगाचे डबे, कुलपं, सुतळीची रिळं,
आणि अगदी खालच्या खणात, वर्तमानपत्राच्या पुड्यांत,
आकडे.

कटला हवा तर वरच्या पाण्यात बघा,
त्याचं तोंडच आभाळाकडे.
रोहू मधल्या मजल्यावर.
मृगळ तळमजल्याला, गाळात ओठ घालून.
मी हसतो. आमच्या घणसोलीतही
आता सगळे असंच बोलतात.

मी सहा नंबर मागतो, ते आठ देतात.
मोठा आकडा माशाला नाही आवडत, म्हणतात,
माणसाला आवडतो.
तंगूस बारीक, पण उन्हाकडे धरून बघितलेली.
तरंगायला मोरपिसाचा देठ.
शिसं नको म्हटलं. शिसं घरी आहे.

रबाळ्याच्या टूलरूममध्ये, रात्रपाळीच्या चहाला,
आकड्याचा उलटा काटा मी कानशीने उतरवला.
मागे एका रोहूच्या ओठातून तो सोडवताना
माझ्याच अंगठ्यात रुतला होता
आणि काठावर आम्ही दोघं
सारखेच तडफडलो होतो.

पीठ मात्र सकाळी, घरी.
शेंगदाण्याची पेंड, भाजल्या चण्याचा भुगा,
कणीक चिकटण्यापुरती,
बडीशेप, वेलची, गुळाचं पाणी.
कोणी हिंग सांगतं, कोणी ओवा.
कोपरखैरण्याचे निवृत्त पोस्टमास्तर डिंगणकर
व्हॅनिलाच्या बाटलीवर हात ठेवून शपथ घेतात.
मळायचं असं, की पाण्यात दहा मिनिटं टिकावं
आणि अकराव्याला सुटावं.
टिकूनच राहिलं तर वास कुठून जाणार?

आई उंबऱ्यात बसून ऐकते.
डोळ्यांत मोतीबिंदू, नाक शाबूत.
"शिरा करतंस का रं? मासल्यांला जेवाय घालतंस?"
बाबा ओहोटी बघून पाग टाकायचे.
कुठल्या माशाला विचारलं नाही, काय खाशील.
जिताडा आला तर जिताडा,
नाही तर निवट्यांचं कालवण.
तळ्यातल्याला तर ती मासा म्हणतच नाही.
चिखल म्हणते.

तरी हात पुढे केला.
गोळीएवढं पीठ जिभेवर ठेवलं, थुंकली.
"अळणी."
मग चाचपडत बरणी काढली,
मूठभर जवळा, पाट्यावर स्वतःच वाटला.

आये, तळ्यातल्या माशाला जवळा काय ठाऊक?
त्यानं खाडी कधी पाहिली?

"तू तरी कवा पायलीस," ती म्हणाली,
आणि पुढे वाटत राहिली.

खरं आहे. माझ्या शाळेच्या मैदानाखाली ती होती म्हणतात.
पोटमाळ्यावर बाबांचा पाग आहे, उंदरांनी अर्धा नेलेला.
त्याच्या काठाचं एक शिसं कापून घेतलं,
पाण्यात जायची सवय असलेलं.

गोठिवलीचं तळं, साडेआठ.
ड्युटीचे बूट अजून पायात.
पाण्यात चौदा मजले उलटे लटकलेले,
पलीकडे एक बाई नातवाला घेऊन कुरमुरे टाकतेय,
आणि सगळे हावरट तिच्याकडे.
माझ्या बाजूला काहीच नाही.
पीस उभं. पीस उभं.
एक चतुर येऊन त्यावर बसला, कंटाळून उडाला.

मग ते कललं.
दम धरला. मृगळ आधी ओठ लावून बघतो.
पुन्हा कललं, बाजूला सरकलं,
खाली गेलं,
मी मनगट उचललं,
दोन क्षण कोणीतरी जड, फार जड,
तिकडून ओढत होतं,

आणि आकडा वर आला
धुतल्यासारखा.
काटा घासला नसता तर, असं मनात आलं. आलंच.

घरी सांगितलं, खाऊन गेला, आये.
ती शेंगा सोलत होती.
चेहरा माझ्या आवाजाकडे वळवून
बराच वेळ काही बोलली नाही, पण खूश दिसली.

"मंग उद्या जवळा जास्त घाल," म्हणाली.
"भूक असंल त्याला."