सुधारलेला मजकूर

विकणे आहे :
पोर्शे, दोन दारांची, मॉडेल सदुसष्ट.
रंग मूळचाच. डॅशबोर्डच्या मागे, जिथे ऊन पोचलं नव्हतं,
तिथे बोटभर शिल्लक होता, त्यावरून जुळवला :
तिखटाच्या डब्याच्या तळाशी उरतो तो.
स्टेअरिंग डाव्या हाताला. कागदपत्रं पूर्ण.
पाहण्याची जागा : आर्वी-पुलगाव रस्ता,
सलामत डेंटिंग, ट्रॉल्यांच्या मागे.

इंजिन मागे आहे.
पुढचं झाकण उघडून
"इंजिन कोनं नेलं बापा?" असं विचारू नये,
गावाचं विचारून झालं आहे.
पुढे स्टेपनी, आणि शिदोरीपुरती जागा.

इंजिन पाण्यावर नाही, हवेवर थंड होतं.
मे महिन्यात आमची हवा स्वतःच सावली शोधत असते,
म्हणून अकरा ते पाच
गाडी सुरू करून दाखवली जाणार नाही.

सापडली तेव्हा बंद जिनिंगच्या शेडमध्ये होती,
सरकीच्या पोत्यांखाली, विटांवर, चाकांशिवाय.
गाडी आणली त्या वर्षीच नाल्यात गोटा लागून पोट फाटलं म्हणतात.
मग एकोणचाळीस वर्षं
उंदरांनी सायलेन्सरमध्ये गाद्या भरल्या, लांब धाग्याच्या कापसाच्या.

नऊ वर्षं लागली.
मधे कल्टिव्हेटर, ट्रॉल्यांचे फाळके, एक अँब्युलन्स,
बँडवाल्यांचा रथ दोनदा,
त्यातून उरलेल्या संध्याकाळी.
घड्याळाच्या काचेसाठी निंभोरकर मॅडमनी जर्मनीला पत्र लिहिलं.
पार्सल आलं, त्यात काच होती, आणि कुणा म्हाताऱ्याचा
अशाच गाडीला टेकून उभा असलेला फोटो.
सीटं मैनाबाई कुरवाडेनं शिवली.
टाके मोजून पाहावेत. ती मोजायला लावते.

स्पीडोमीटरवर अडीचशेपर्यंत आकडे आहेत.
त्यातले नव्वदच्या पुढचे कोरे, न वापरलेले,
खरेदीदारास तसेच मिळतील.

काल पुण्याहून एक गृहस्थ आले.
रुमालातून लोहचुंबक काढला
आणि वैद्यासारखा पत्र्यावरून फिरवत गेले.
बॉनेट. चिकटला.
छप्पर. चिकटला.
मागचे दोन्ही मडगार्ड. चिकटला, चिकटला.
सलामतचाचा खुर्चीत, हात मांड्यांखाली दाबून.
दोन वर्षांपासून ते असेच बसतात.
डाव्या दारावर, हँडलच्या खाली,
चुंबक सुटला. फरशीवर टण्ण वाजला.

आता सांगतो.
पुट्टी, जिला आम्ही लांबी म्हणतो,
ती या माणसानं जन्मात लावली नाही.
पत्र्याची समजूत पत्र्यानंच घालायची म्हणायचे,
आतून ऐरण, बाहेरून हातोडी, आणि मधे कान.
पण या शेवटच्या खळग्यावर
हातोडी म्हटलं तिथे पडेना. तीन दिवस.
चौथ्या रात्री ते घरी गेल्यावर मी
लांबी भरली, घासली, प्रायमर मारला,
सकाळी म्हणालो, चाचा, बसला की तुमचा पत्रा.
त्यांनी तळवा फिरवला.
बराच वेळ फिरवला.
"हाव," म्हणाले.

काल ते उठले. चुंबक उचलायला
तीन वेळा वाकावं लागलं, मी मधे पडलो नाही.
पँटीला पुसून गृहस्थांच्या हातात दिला.
"तेथं लांबी हाय, साहेब. एक वीत.
मले ठाव हाय."
मग माझ्याकडे पाहून,
"जाहिरातीत लिव्हलं नाही काहून?"

गृहस्थांनी दीड लाख कमी सांगितले.
चहा न घेता गेले.

तरी मजकुरात भर :
डाव्या दारात एक वीत लांबी आहे.
ती मी लावली.
बाकी सगळा पत्रा त्यांचा.
किंमत तीच.

शुक्रवारी दोननंतर यावं.
येण्याआधी फोन करावा, तासभर तरी आधी :
गाडी दाखवायची असली की चाचा
घरी जाऊन धुतलेला सदरा घालून येतात,
आणि हल्ली बटणांना वेळ लागतो.