नोंद : पाणी, हंगामी

एकतीस वर्षं मी मीटर वाचले.
टिमकीतली दारं मला अजून आकड्यांनी ओळखू येतात.
हेडाऊंचं, जिथं युनिटं पन्नासच्या वर कधी गेली नाहीत;
पराते सायकलवाल्यांचं, जिथं आधी कुत्रं, मग मीटर;
आणि जिन्याखालचं ते एक,
बॅटरी मारल्याशिवाय आकडाही दिसायचा नाही, पालही.

निवृत्त झालो, तेव्हा हेडाऊंच्या रुचितानं
माझ्याच फोनवर टिमकी उघडून दाखवली. वरून.
पत्रे, टाक्या, गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या,
आणि मधे बिनानावाचं पांढरं काही.
"काका, हे तुम्हीच भरा. पैसे नाही मिळत हं."
मी म्हटलं, पैसे घेऊन भरलेल्या वह्या
कोणत्या गोदामात सडून राहिल्या, कोणाला ठाऊक.
"नियम एकच," ती म्हणाली,
"जमिनीवर असेल तेच नकाशात."

ऊन चढायच्या आत निघायचो.
अंगठ्यानं गल्ल्या ओढायचो :
रिक्षा वळते तिथं जाड,
तिरडी तिरपी करून न्यावी लागते तिथं बारीक.
पिठाची चक्की, मंगळवारी बंद.
शिलाई मशीन दुरुस्ती.
एका गल्लीचं पाटीवर एक नाव, तोंडात दुसरं;
दोन्ही लिहिली, पाटीवरचं खाली.
बंद पडलेल्या हातमागाला मात्र
त्यांच्याकडे खूणच नव्हती.

"का मोजून राहिले भाऊ?
रस्ता रुंद होते का? आमचं घर पडते का?"
नाही बाई, नुसतं लिहून ठेवतो.
त्यांचा विश्वास बसायचा नाही.
कधीकधी माझाही.

वळणावरच्या कडुनिंबाखाली
पंचफुला नंदेश्वरची प्याऊ.
दोन रांजण, ओलं लाल फडकं,
साखळीला बांधलेला जर्मनचा गडू.
पाडव्याला मांडायची, मृगाला उचलायची.
मी लिहिलं : पिण्याचं पाणी. हंगामी. फुकट.
जूनमध्ये पुसायचो, एप्रिलमध्ये परत ठेवायचो.
हंगामी म्हटलं की झालं, पुसायचं कशाला, रुचिता म्हणायची.
तरी पुसायचो.
रीडिंग घेतल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये डोळ्यावर पट्टी होती,
मोतीबिंदू. नोंद तशीच राहिली.
पौषात पंचफुला गेली.
मला वाटलं, नोंद कोणीतरी काढली असेल.
असं वाटणारे आम्ही सगळेच.

नवतपाचा तिसरा दिवस, पारा सेहेचाळीस.
फोनवर एक ओळ आली, त्याच ठिपक्यावर, कुण्या अनोळख्याची :
इथं पाणी दाखवते. दुपारी गेलो होतो. नव्हतं.
एवढंच. ना राग, ना नाव.
पाठीवर पेटी घेऊन घरोघर जेवण पोचवणारा असेल,
किंवा भर उन्हात, तसाच, माझ्यासारखा,
मीटर वाचणारा.

पुसायला एक स्पर्श पुरतो.
अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला.
बराच वेळ ठेवला.
खालून, फोन तापल्यामुळे असेल,
चटका बसत होता.

कुंभार म्हणाला, एवढ्या उशिरा कोण रांजण नेते भाऊ?
सायकलच्या कॅरिअरवर बांधला, पायीच आणला.
कडुनिंब तिथंच. खालच्या फरशीवर
दोन गोल डाग, वर्षानुवर्षं झिरपून काळे पडलेले.
एका वर्तुळात नवा रांजण ठेवला,
तो लहान पडला.
पराते सायकलवाल्यानं नळी ओढून दिली,
त्याचं कुत्रं पहिलं पाणी प्यायलं, सांडलेलं.

दुसरं वर्तुळ रिकामंच आहे.
संध्याकाळी रुचिताला काही बोललो नाही.
त्या ओळीखाली उत्तर लिहिलं,
चष्मा पुसून, एकेक अक्षर :

आहे. एकच रांजण.
गडू आणायचा राहिला,
ओंजळीनं प्या.