अपूर्णांक

ग्रिम्स्बीत साडेतीनलाच अंधारतं.
पडद्यावर सव्वीस काळे चौकोन,
त्यांना मी अंश-छेद समजावतेय
आणि माझाच आवाज
मला परत ऐकू येतोय.

शेवटी म्हटलं, उठा.
स्वयंपाकघरातून अर्धं काहीतरी घेऊन या.

खुर्च्या सरकल्या. कुठेतरी कुत्रं भुंकलं.
मग एकेक चौकोन उजळला:
झोफियाचा अर्धा कांदा,
डेक्लनच्या हातात चावलेला टोस्ट
("अर्धा कुठे मिस, पाच छेद आठ!"),
कुणाचा तरी कान तुटलेला कप.

कीरनचा कॅमेरा सप्टेंबरपासून बंद.
आज उघडला.
कपाट. डावीकडे आईचे कपडे,
उजवीकडे नुसते हँगर.

"स्वयंपाकघरातलं नाहीये, मिस.
चालेल?"

चालेल, म्हटलं,
आणि म्यूटचं बटण
शोधत राहिले.