पेव

उद्यमबागेतली दुसरी पाळी साडेअकराला सुटते.
येळ्ळूरला पोचेस्तोवर बारा.
हाताला अजून कटिंग ऑइलचा वास,
आणि मी गहू पेरायला बसतो.

आठव्या मिनिटाला कोंब, विसाव्याला ओंबी.
कोळपण नाही, राखण नाही, वाकणं नाही.
राजहंसगडाखाली आमचे अकरा गुंठे आहेत खरे,
पण तिथलं भात चार महिने घेतं
आणि तिथे मी एकटा असतो.

इथे आम्ही तिघं.
कंग्राळीचा ओमाण्णा, बैलहोंगलचा बसलिंग, आणि मी.
बसलिंगला मी कधी पाहिलेलं नाही.
त्याचं कन्नड मला अर्धं कळतं, माझं मराठी त्याला अर्धं.
उरलेल्या अर्ध्यात
आमचं शेत.

पहिल्या हिवाळ्यात तिघंही मेलो.
ओमाण्णानं बियाणंच दळलं होतं.
‘पाव लई भारी दिसूलालता बे,’ म्हणाला,
आणि बर्फात आडवा झाला सगळ्यात आधी.

दुसऱ्या हिवाळ्यात गहू होता.
लाकडी पेट्यांत, छपराखाली, एकशेचाळीस पोती.
प्रत्येक पोत्यावर एक बारीक हिरवी रेघ.
ती पिवळी झाली, मग तांबडी,
मग पोत्याच्या जागी नुसती काळी भुकटी.
उंदीर आले ते निराळेच.
फेब्रुवारीपर्यंत आम्ही मुळं उकडून खाल्ली.

तेव्हा बसलिंगनं लिहिलं : हगेव.
मी लिहिलं : पेव.
खड्डा एकच.

त्यानंच जागा काढली, टेकाडावर, जिथे पाणी थांबत नाही.
तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं,
खाली पोट रुंद.
भिंती भाजून घ्यायला सांगितल्या त्यानं आत जाळ करून.
खेळाला काय कळतंय त्यातलं?
तरी भाजल्या.
कडबा नव्हता, लव्हाळी लावली.
वर फरशी, फरशीवर चिखल.
दोन पाट्या रोवल्या, एक त्याची, एक माझी,
ओमाण्णानं मध्ये कोंबडा काढला.

अख्खा हिवाळा रेघ हिरवी राहिली.

बर्फ वितळलं तशी मी फरशी सरकवली.
आत अंधार, गोल.
उडी टाकणार इतक्यात अक्षरं आली :
मोदल दीप बिडु.
आधी दिवा सोड.

मी लिहिलं, अरे खेळ आहे हा, इथे हवाच नाही,
कोण गुदमरणार?

तीन टिंबं हलत राहिली.
बराच वेळ तो काहीतरी लिहीत होता,
मग टिंबं थांबली, काहीच आलं नाही.
पुन्हा हलली. पुन्हा थांबली.
शेवटी एकच शब्द.
बिडु.

मी दोराला कंदील बांधला.
हळूहळू खाली सोडला.
लव्हाळी दिसली, मग गव्हाचा पिवळा उतार, मग तळ.
कंदील विझला नाही.
त्या खेळात कुठलाच दिवा विझत नाही,
त्यालाही ठाऊक होतं ते.
तरी आम्ही तिघं कडेला उभे राहिलो,
आणि ओमाण्णासुद्धा काही बोलला नाही.

मग बसलिंग म्हणाला, हं.
मी उतरलो.

रविवारी वैनीनं दोन शेर तांदूळ काढायला सांगितले.
पिंप माझ्या छातीएवढं, पत्र्याचं,
तळाशी राख, मध्ये मध्ये लिंबाचा पाला.
झाकण उचललं
आणि हात घालायच्या आधी
तसाच थांबलो.

थंड, सुका, किंचित कडवट वास वर आला.

‘काय बघूलालाईस रे?’
काही नाही, म्हटलं.
‘मग झाकण लाव लवकर,
सोंडे शिरतील.’