नावापुढचा आकडा

पुन्ता अरेनासचा वारा छपरं उचकटतो,
पण पिंग त्याने वाढत नाही.
आईने मायक्रोवेव्हमध्ये सूप ठेवलं की वाढतं.
म्हणून राउटरपासून खाटेपर्यंत निळी केबल ओढली,
दाराच्या फटीतून; मांजराने दोनदा चावलेली.
आता एकोणनव्वद. चालतंय.

सर्व्हर साओ पाउलोला.
माझं बोट इथे दाबतं, तिकडून होकार परत येतो,
तेवढ्यात पापणीही पुरती लवत नाही.
मरता मात्र येतं.

एलिओ उत्तरेला, खाणीवर, पत्र्याच्या खोलीत.
एका वायफायवर चाळीस जण.
त्याच्या नावापुढे दोनशे चौदा, कधी तीनशे,
माझ्या पडद्यावर तो भिंतीत चालत राहतो,
मग एकदम चार पावलं मागे.
"आधी मी मारलं होतं त्याला, नोल्विया!"
मारलंही असेल.
त्याच्याकडे.

हल्ली बोलून झालं की मी थांबते,
त्याचं ऐकू येईस्तोवर दुसरं वाक्य काढत नाही.
सवय झालीय.

काल विचारलं, नाताळला येतोस ना?
हेडफोनमध्ये काहीच नाही.
थांबले.
आणखी थांबले.
मग त्याच्या नावापुढचा आकडा पाहिला.

त्रेसष्ट.