टीप क्रमांक सतरा

कुपवाडच्या वळणावर, वेल्डिंगच्या दुकानामागं
इलाही मुजावर ट्रॉलीची फळी रंगवतो.
दोन हंगाम मी त्याच्या शेजारी
पालथ्या डब्यावर बसले.
मी वहीत लिहायची : क्षेत्रकार्य, दिवस एकेचाळिसावा.
तो फळीवर लिहायचा : मागं बघू नको, फड पुढं हाय.

संध्याकाळी पोरं यायची ट्रॅक्टर घेऊन,
सांगलीवाडीची, कवलापूरची, एक तर थेट जतचा.
बॉनेटला गोंडे, मडगार्डला सोळा आरसे,
सीटमागं एवढाले स्पीकर
की वाजले की गॅरेजातल्या पक्कडी
खिळ्यावर नाचायच्या.
जतचा धोंडाप्पा म्हणाला,
आवाज पोटात लागाय पायजे, मॅडम.
कानात लागतो तो मोबाईलचा.
हे मी तसंच्या तसं उतरवलं
आणि तिसरं प्रकरण तिथून सुरू केलं.

पुण्यात परिसंवाद झाला.
विषय : समकालीन दृश्यकला आणि ग्रामीण उपसंस्कृती.
पडद्यावर ट्रॉली आली, लोक हसले,
मग हसलो म्हणून जरा गंभीर झाले.
चहाच्या वेळी एका गॅलरीवाल्या बाईंनी विचारलं,
ती फळी मिळेल का? ट्रॉली नको. फक्त फळी.
मी निरोप पोचवला.
इलाही ब्रश झटकत म्हणाला,
फळी काढली तर ऊस सांडंल की वो.

मग लेख छापून आला.
त्यानं थिनरनं हात पुसले, परत पुसले,
आणि पान धरलं काठाला.
अक्षरांचाच माणूस, सावकाश वाचत गेला.
एका शब्दापाशी थांबला.
"उप म्हंजे? उपसरपंचातला उप?"
"तसाच."
"मग सरपंच कोण?"
मी संदर्भसूची चाळली.
तिथं नावं पुष्कळ होती.
कुपवाडला आलेलं त्यातलं एकही नव्हतं.

"आन मी कुटं हाय ह्यात?"
मी बोट ठेवलं. तळाशी, बारीक टायपात, टीप सतरा :
एक रंगारी, वय अंदाजे पन्नास.
गोपनीयता, मी म्हणाले. नियम असतो.
माहिती देणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून.
तो काही बोलला नाही.
ज्या माणसानं वीस वर्षं प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात
नाव, गाव आणि मोबाईल नंबर घातला,
त्याला मी नियम सांगत होते.
बावन्न, एवढंच म्हणाला. बावन्न पुरी.

त्यानंतर जाणं झालं नाही. पेपर तपासायचे होते,
आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं.

फेब्रुवारीत, विश्रामबागच्या सिग्नलला,
माझ्या स्कूटीपुढं ट्रॉली उभी.
वर उसाचा डोंगर, खाली नवी फळी,
पिवळी अक्षरं, लाल सावली,
वेलांटीला तोच त्याचा लाडका झोका :
मागं सरपंच आसंल तर हॉर्न द्या.
कोपऱ्यात नाव शोधलं.
नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं :
एक रंगारी, वय अंदाजे पन्नास.
खाली नंबर मात्र पुरा, दहाच्या दहा आकडे.

सिग्नल सुटला.
मागची सगळी हॉर्न देऊ लागली,
रिक्षा, एसटी, दूधवाला,
एक पांढरी गाडी तर हात न उचलता.
माझा अंगठा बटणावर होता.
ते बटण जरा चिकट आहे.